कपातला साबण

शाळेत हजर व्हायला गेलो त्या दिवशी बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या शिक्षणाबद्दल किंवा गावाबद्दल नव्हता. माझ्या पिशवीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, जेवणाचा डबा कसला आहे तुमचा? पितळेचा की जर्मलचा?"

"जर्मलचा," मी म्हटलं.

"अरेरे!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझी नेमणूक रद्द होते की काय, असं मला वाटलं.

त्या अरेरेचा अर्थ मला पुढे कळला. बाई साबण करायच्या, आणि साबण ओतायला त्यांना साचे लागायचे. विकतचे साचे त्यांना माहीत असतील, पण त्यांच्याबद्दल त्यांना मुळीच आदर नव्हता. घरात, शाळेत, रस्त्यावर, उकिरड्यावर जे काही पोकळ सापडेल तो साचा. जर्मल, म्हणजे ॲल्युमिनियम, तेवढं चालत नाही. साबणातला कॉस्टिक सोडा लागला की ते फसफसून उठतं. थोडक्यात, एक शिकलासवरला तरुण घाट उतरून नोकरीवर आला होता आणि त्याच्याजवळ बाईंच्या उपयोगाची एकही वस्तू नव्हती. माझा दाढीचा मग चिनी मातीचा निघाला म्हणून अब्रू राहिली. तो त्यांनी त्याच आठवड्यात नेला.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा दोनशिक्षकी. एक त्या आणि दुसरा मी, म्हणजे त्या माझ्या एकट्याच्याच मुख्य होत्या. लोधिवलीला एस.टी.तून उतरायचं आणि भाताच्या खाचरांच्या बांधावरून आत चालत सुटायचं, असं ते गाव. मुंबई-पुण्याच्या मोटारी लांब डांबरी रस्त्यावरून भोंगे वाजवत जायच्या, त्यांचा आणि आमचा तेवढाच संबंध.

बाईंचा उंच, काटक बांधा, सुती पाचवारी, पायात टायरच्या चपला आणि बारा महिने काखेत छत्री. बोलणं इतकं भराभर की पहिलीच्या वर्गाला पाढे सुरुवातीला गाणं वाटायचे. हसण्याची तऱ्हा तर विलक्षण. विनोद सांगायच्या आधीच त्या हसायला लागायच्या, त्या हसण्यात विनोद वाहून जायचा, मग डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांचा एकही विनोद मी शेवटापर्यंत ऐकलेला नाही, आणि तरी प्रत्येक वेळी पोट दुखेपर्यंत हसलो आहे.

"गुरुजी, जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात," त्या सांगायच्या. "एक पोकळ आणि दुसऱ्या बिनकामाच्या."

साबणाचं खूळ लागलं कशावरून, तर मुलांच्या हातांवरून. वरून हुकूम आला होता की शाळेत मुलांना हात धुवायला लावा. हुकूम आला, साबण आला नाही. बाईंनी कुठल्याशा शिबिरात साबण करायला शिकून घेतलं होतं. करंजाच्या झाडांना गावात तोटा नव्हता, त्यांच्या बियांचं तेल घाण्यावरून काढून यायचं, थोडं खोबरेल, आणि शिळफाट्याच्या बाजारातून कॉस्टिक. रविवारी मागच्या अंगणात मोठं मडकं मांडलं जायचं. पोरांना अंगणात बंदी. बाई तोंडाला फडकं बांधून वेळूच्या काठीने ढवळत बसायच्या. मिश्रण पिठल्याएवढं दाट झालं की ओरडायच्या, "आलं! भांडी आणा, भांडी!" आणि मग जी पळापळ व्हायची, ती आग लागल्यावरही होत नाही.

त्या साबणांचे आकार काय सांगावेत! करवंटीतले अर्धगोल, वेळूच्या पेरातून काढून चकत्या पाडलेले, पानदानाच्या कप्प्यांतले लहानसे चौकोनी. सकाळी शाळेच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी पोरं रांगेने उभी राहायची आणि आकारांवरून भांडायची. करवंटीचा साबण मोठ्या पोरांचा मान. पानदानाचे मुली पळवायच्या. कंदिलाची सरळ, नळीसारखी काच हा बाईंचा सर्वांत लाडका साचा. तिला दोन्हीकडे तोंडं, आतून तेलाचं बोट फिरवायचं, खालून केळीचं पान लावून फळीवर उभी करायची आणि साबण धरला की दट्ट्याने ढकलून द्यायचा. लांबट, गोल, नळकांड्यासारखा साबण सर्रकन बाहेर यायचा आणि बाई टाळ्या वाजवायच्या. गावातल्या कुणाच्याही कंदिलाची काच तडकली तर आधी बाईंना दाखवून मग फेकायची, असा प्रघातच पडला होता.

एकदा शिळफाट्याच्या गॅरेजात त्यांना ट्रकच्या दिव्याची काच मिळाली. परातीएवढी. त्या दिवशी बाई शिळफाट्याहून गावापर्यंत ती काच मांडीवर घेऊन अशा आल्या, जसं काही बाळंतीण माहेराहून येतेय. त्यातून जो साबण निघाला तो पुनवेच्या चंद्राएवढा. तो बाईंच्या मिस्टरांच्या वाट्याला आला. मिस्टर खोपोलीला गिरणीत होते, सुट्टीला घरी यायचे. अतिशय कमी बोलणारा माणूस. मला ते भेटायचे तेव्हा फक्त मान हलवायचे. पण त्या साबणाने त्यांनाही वाचा फुटली. विहिरीवर दोन्ही हातांनी तो चंद्र छातीवर घासत ते मला म्हणाले, "गुरुजी, साबण करावा. पण हातात मावेल असा करावा." एवढं बोलून त्यांचं वर्षाचं बोलणं संपलं.

माझ्या जर्मलच्या डब्याचंही सांगून टाकतो. बाईंना माहीत होतं की जर्मल चालत नाही, पण त्यांचा स्वभाव पडताळा पाहण्याचा. "आतून केळीचं पान लावलं तर?" त्या म्हणाल्या. मी नको म्हणेपर्यंत ओतलंही होतं. पान कुठेतरी फाटलेलं असणार. डब्यात आधी फुरफूर झाली, मग फेस वर आला, मग डबा जागच्या जागी थरथरायला लागला आणि आम्ही दोघं छत्री उघडून तिच्यामागे लपलो. शेवटी पाहिलं तर डब्याच्या बुडाला रुपयाएवढं भोक.

"गुरुजी, आपलं ज्ञान पुढे गेलं!" बाई आनंदाने म्हणाल्या.

"हो, पण माझं जेवण मागे राहिलं," मी म्हटलं. त्यावर त्या इतक्या हसल्या की छत्री मिटायचं राहून गेलं. पुढे कित्येक दिवस मी पानात बांधून भाकरी नेत होतो.

आता कपांकडे येतो. खरं तर सगळं कपांचंच आहे.

बाई बौद्ध. छप्पन्न सालानंतर त्यांच्या वाडीतल्या सगळ्या घरांनी जुनं सोडलं होतं, पण गावाने आपलं जुनं सोडलेलं नव्हतं. गावात बाईंना मान होता. "बाई, बाई" करून लोक पोरांची प्रगती विचारायचे, अर्ज लिहून घ्यायचे, चहाशिवाय सोडायचे नाहीत. पण चहा यायचा तो वेगळ्या कपात. कान तुटलेला एखादा कप घराबाहेर वळचणीला, वाशात खोचून ठेवलेला असायचा. बाईंनी तो स्वतः काढून घ्यायचा, घरातून कुणीतरी वरून चहा ओतायचं, तो ओट्याच्या कडेला बसून प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा वाशात खोचून निघायचं. पोरं शाळेत ज्या बाईंचं बोट सोडत नसत, त्या पोरांच्याच घरी हा प्रकार. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी माझा चहा तसाच खाली ठेवला. माझा कप बशीसकट होता.

बाईंना मात्र मी कधी रागावलेलं पाहिलं नाही. चहा संपला की त्या कप हातात फिरवायच्या, आत डोकवायच्या, बोट घालून खोली बघायच्या. मला वाटायचं, कप नीट धुतलेला आहे का ते बघतायत. त्या माप घेत होत्या.

सुरुवात शाळेशेजारच्या घरापासून झाली. त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. बाईंनी चहा संपवला आणि विचारलं, "वहिनी, हा कप माझाच ना?"

"तुमचाच की."

"दुसरं कोणी पीत नाही ना यातून?"

"छ्या! कोन पिनार?"

"मग मी नेते. आणून देईन."

कप गेला. आठवड्याने तो परत आला, काठोकाठ साबणाने भरलेला. वर बाईंनी काडीने फूल काढलं होतं. "आमच्या आईनं सांगितलंय," बाई म्हणाल्या, "शेजारचं भांडं रिकामं परत करू नये."

रिकामं भांडं परत करायचं नाही हे त्या गावात तान्ह्या पोराला ठाऊक होतं. कोणाकडून वाटीभर डाळ आणली तर वाटीत चार मिरच्या तरी घालून धाडायच्या. वहिनीने हसून कप घेतला आणि मोरीवर नेऊन ठेवला. भांडी घासायला बरा झाला. पुढच्या खेपेला आम्ही गेलो, चहा उकळला, वहिनी बाहेर आली, वाशाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला.

"अगबाय! बाई, आता तुमाला चाय कशात देऊ?"

"कशातही द्या हो," बाई म्हणाल्या. "मला चहा हवाय, कप नकोय."

वहिनी क्षणभर दारात थांबली. मग आत गेली आणि माझ्या कपाच्या जोडीचा कप घेऊन आली. बशीसकट. बाईंनी चहा प्यायला, नेहमीसारखाच, फुंकर मारून.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "बाई, त्या कपाला आतून तेल लावायला विसरलात तुम्ही. साबण अजून आतच आहे."

बाई हसायला लागल्या, म्हणजे काहीतरी येणार होतं.

"करवंटीला तेल लावता, काचेला तेल लावता, माझ्या मगालासुद्धा लावलंत..."

"गुरुजी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तेल लावलं की साबण सुटतो. साबण सुटला की कप मोकळा होतो. कप मोकळा झाला की तो कुठे जातो?"

मी वाटेतच उभा राहिलो. मग मलाही हसू फुटलं. आम्ही दोघं त्या बांधावर असे हसत होतो की खाचरात चिखल तुडवणारा माणूस औत थांबवून आमच्याकडे बघत राहिला. इतका आनंद मला स्वतः परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

मग गावातले कप एकामागून एक पडू लागले. मारुतीच्या देवळामागचं घर, पिंपळापाशी राहणारे दोघे भाऊ, पोस्टाचं काम बघणाऱ्यांचं घर. कोणी दुसरा फुटका कप शोधून काढला तर बाई तोही घेऊन जायच्या आणि भरून आणायच्या. त्यांनी कधी भाषण केलं नाही, कोणाला टोमणा मारला नाही. फक्त कप नेला आणि भरून आणला. साबण चांगला होता, बायकांना आवडायचा, त्यामुळे तो फेकायचं कोणाच्या मनात येईना. आणि फुटक्या कपांचा साठा कोणाच्याही घरी किती असणार?

एका घरी मात्र भरपूर होता. त्या घरात मी राहत होतो.

माझ्या मालकीणकाकी म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शेती मोठी, घर मोठं, सुना पुष्कळ आणि आवाज त्या सगळ्यांहून मोठा. काकी वाईट नव्हत्या. माझ्या तापात त्यांनी माझ्या उशाशी बसून पेज भरवली आहे. पण त्यांच्या घरातल्या रिती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि काकींची आणखी एक रीत अशी, की त्या कुठलीही मोडकी वस्तू टाकायच्या नाहीत. माळ्यावर कान तुटके कप टोपलीत भरून ठेवलेले होते.

बाईंनी काकींचा पहिला कप भरून आणला. काकींनी टोपलीतून दुसरा काढला. बाईंनी तो नेला. काकींनी तिसरा काढला. मी ओट्यावर बसून हे बघायचो, आणि मला कामावर जायचंसुद्धा सुचत नसे. दोघी एकमेकींशी अतिशय गोड बोलायच्या. "या बाई, बसा. चाय घेता?" "घेते की काकी. केवढा सुंदर कप काढलात आज!" वळचणीला साबणाच्या कपांची ओळ लागली.

तेव्हा काकींना एक युक्ती सुचली. साबण संपवला की कप मोकळा. त्यांनी घराला फर्मान सोडलं की आता सगळ्यांनी या साबणाने आंघोळी करायच्या, आणि दाबून करायच्या. धाकटी सून घाबरली. "आत्याबाई, त्यांच्या हातचा साबन आंगाला लावायचा?"

"येडी का खुळी गं?" काकी कडाडल्या. "साबनाला कसला इटाळ? साबन लावूनच तर इटाळ धुवायचा ना!"

मी पुस्तक तोंडासमोर धरलं, नाहीतर माझं भाडं वाढलं असतं.

पुढचे दिवस त्या घराने ज्या आंघोळी केल्या त्याला तोड नाही. पोरं सकाळ-संध्याकाळ धुतली जाऊ लागली. धुणं तर रोज. पण करंजाच्या तेलाचा साबण मोठा चिवट, संपता संपेना. मग काकींनी बैल ओढ्यावर पाठवले. दोन्ही बैल कपातल्या साबणाने शिंगांपासून शेपटापर्यंत घासले गेले. ओढ्याला फेस आला. खालच्या अंगाला कपडे धूत बसलेल्या बायका वर बघून ओरडायला लागल्या. बैल परत आले ते इतके पांढरेशुभ्र की शेजारचा शेतकरी विचारू लागला, "काकी, नवी जोड घेतली काय?"

बाईंना मी ही बातमी शाळेत सांगितली. त्या फळ्याला धरून खाली बसल्या. मुलांना वाटलं बाईंना चक्कर आली, कोणी पाणी आणलं, कोणी छत्रीने वारा घालू लागलं. "बैल!" एवढंच त्या म्हणू शकत होत्या. "गुरुजी, बैल!"

त्यांनी हार मानली नाही, काकींनीही नाही. एक कप रिकामा होईपर्यंत दोन भरून यायचे. काकींनी एकदा सुरी घालून साबण उकरायचा प्रयत्न केला. कप फुटला, साबण कपाच्या आकाराचा अखंड बाहेर आला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "काकी, कप गेला, पण साबण बघा कसा सुरेख निघालाय!"

शेवटी माळ्यावरची टोपली रिकामी झाली. आता खरी परीक्षा होती. काकींनी मुलाला शिळफाट्याला पाठवून बाईंसाठी नवा कोरा वेगळा कप मागवला. मुलगा आपला भोळा. त्याने दुकानातला चांगलासा बघून आणला. गुलाबाची फुलं, सोनेरी काठ, आणि बशीशिवाय दुकानदार देईना म्हणून बशीही. पुढच्या खेपेला बाई ओट्यावर बसून गुलाबाच्या कपातून चहा पीत होत्या आणि घरात सुना टवका उडालेल्या कपांतून.

"बाईंना फुलाचा आन आमाला फुटका?" मोठी सून आतून म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी बाईंच्या हातातल्या कपाकडे बघितलं, सुनांच्या हातातल्या कपांकडे बघितलं. बाईंनी चहा संपवून विचारलं, "काकी, हा पण माझाच ना? नेऊ?"

"नको!" काकी ओरडल्या. "ठेवा तो! अगं पोरी, धुवून आत ठेव, फळीवर. या बाईला कंच्याबी कपात चाय देत जा यापुढं. कपांचा येडेपना पुरे झाला. माजे बैल झिजले!"

त्या दिवशी गावातला शेवटचा कप वळचणीवरून घरात गेला. मी बाईंबरोबर बौद्धवाडीपर्यंत चालत गेलो. मला वाटलं होतं, आज छत्री हवेत उडेल. पण ती काखेतच राहिली.

"बाई, जिंकलात तुम्ही," मी म्हटलं.

"अर्धं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला दिलं, गुरुजी. द्यायला काही लागत नाही. माझ्या घरचं त्यांनी कुठे घेतलंय अजून?"

"साबण घेतला की."

"साबण खायचा नसतो."

मग लगेच त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या हसायला लागल्या. बैलच असावेत. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यांच्या हसण्याखाली हे एवढं होतं आणि ते त्या कधी कोणाला दाखवत नसत, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढे बाईंची कर्जतला बदली झाली. हुकूम आला आणि गावाचं तोंड उतरलं. निरोपाचा समारंभ झाला, पोरं रडली, मी भाषण करायला उठलो आणि न करता बसलो. बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक साबण दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर काकींनी मला हाक मारली.

"मास्तर, ह्ये बाईंकडं पोचवा."

त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. चिनी मातीची, बुटकी, तोंडापासून बुडापर्यंत सारखी रुंद. काकींच्या घरात लोणच्याच्या बरणीला सुनांनाही आंघोळीशिवाय हात लावता येत नसे, आणि त्या वाडीकडे तर ती जन्मात कधी गेली नसती. आत कैरीचं लोणचं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"बरनी परत पाठवा म्हनावं," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रिकामी पाठवू नका म्हनावं. आनि साबन नको."

मी धावत गेलो. बरणी सांभाळत जितकं धावता येतं तितकं. बाई सामान बांधत होत्या. मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. बाईंनी बरणी घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. जगातली कुठलीही पोकळ वस्तू दिसली की काय ओतायचं हे ज्यांना ठाऊक होतं, त्या बाईंना काही सुचेना. "लाडू? नको, फुटतील. चिवडा? चिवडा काय द्यायचा! मासे त्या खातात का, गुरुजी? नको नको." त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

सामान बांधायला आलेले मिस्टर कोपऱ्यात सुतळीची गाठ मारत होते. ते म्हणाले, "वडी कर. गूळ-खोबऱ्याची."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

बांधलेलं सामान सुटलं. नारळ फुटले, गूळ चिरला, चूल पेटली. लोणचं काढून बरणी घासली, उन्हात खडखडीत वाळवली. पाक झाला की नाही हे बाईंनी मला, मिस्टरांना आणि शेजारणीला विचारलं आणि कोणाचंही ऐकलं नाही. ओतायच्या आधी त्यांनी तुपाचं बोट घेतलं आणि बरणीला आतून फिरवलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"या वेळी सुटायला हवं, गुरुजी," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

संध्याकाळी मी बरणी काकींसमोर ठेवली. सुना दाराशी जमल्या. काकींनी फडकं सोडलं, आत बघितलं, वास घेतला. वडी घट्ट बसलेली. "झालं!" काकी म्हणाल्या. "हितं पन ओतलंच त्या बाईनं. आता ह्ये निघायचं कवा?" त्यांनी ताट मागवलं, बरणी उपडी केली आणि बुडावर एक थाप मारली.

पहिल्याच थापेला वडी सर्रकन खाली आली आणि ताटात बरणीएवढी उभी राहिली, गुळगुळीत, तुपाने चकचकणारी. सुना खिदळायला लागल्या. काकी त्या उभ्या वडीकडे बघत राहिल्या. इतके दिवस सुऱ्या घातल्या, बैल धुतले, आणि हे मात्र एका थापेत! त्या हुशार बाई होत्या. कपांना तेल का नव्हतं ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचे ओठ हलायला लागले, मग पोट हलायला लागलं, आणि मग काकी जमिनीवर हात आपटून हसू लागल्या.

"बाई गं! कवापासनं मला फसवत होती ती!"

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, वडीचा एक मोठा तुकडा मोडला आणि आमच्या सगळ्यांसमोर तोंडात टाकला. दारात कोणी हललं नाही. काकी सावकाश चावत होत्या.

"गूळ जास्ती झाला," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला. मग धाकट्या सुनेकडे वळून ओरडल्या, "बघत काय उबी राह्यलीस? बरनी धुवून वाळत घाल. मास्तर कर्जतला जाताना न्हेतील. आन लोनचं काढ नवं. रिकामी कशी धाडू?"